सत्तावन्न किलोंचा पैलवान

पानशेतच्या रस्त्याला, धरणाच्या जरा अलीकडे, एक हॉटेल आहे. पुण्याची माणसं शनिवार-रविवारी तिथे चुलीवरचं मटण खायला येतात. त्या हॉटेलच्या दारात केशरी फेटा बांधून, मिशांना पीळ देऊन एक अगडबंब माणूस उभा असतो. आलेल्या गाडीचं दार तो उघडतो, लहान मुलांना दंडाला लोंबकळू देतो, बायकांच्या मोबाईलकडे बघून हसतो. कुणी "पैलवान, एक फोटो!" म्हटलं की पैलवान छाती फुगवतात. छातीच्या आधी पोट पुढे येतं, पण फोटोत तेही चांगलं दिसतं म्हणे. हा आमच्या गावचा रायबा.

आमच्या गावची मंडळी तिकडे गेली की मुद्दाम त्या हॉटेलात थांबतात. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला हटकून सांगतात, "आमच्या गावचा हाय त्यो." त्यांचा ऊर भरून येतो आणि माझं डोकं फिरतं. कारण हा माणूस एके काळी त्याच्या वजनाच्या गटात राज्यात पहिला होता. त्याला त्या दारात नेऊन उभं केलं ते आमच्या गावाने. वैर धरून केलं असतं तर मी इतकी चिडले नसते. तूप वाढून केलं.

मी या गावची सून, आणि गावच्याच शाळेतली बाई. गाव म्हणजे टेंभेवाडी, हिर्डोशीच्या वर, वरंध घाटाच्या अंगाला. एसटी आली तर आली, नाहीतर चालत सुटायचं. इथे भात होतो, नाचणी होते, आणि तिसरं पीक अभिमानाचं. ते बारमाही असतं आणि त्याला पाणी लागत नाही.

या पिकाचे सगळ्यात मोठे बागायतदार म्हणजे माझे सासरे, गावचे पाटील कुंडलिकराव. तरुणपणी त्यांनी सारोळ्याच्या मैदानात एका नामांकित पैलवानाशी कुस्ती बरोबरीत सोडवली होती. त्या एका बरोबरीवर ते आजपर्यंत जगत आले आहेत. समोरच्या पैलवानाला त्या दिवशी सणसणून ताप होता, असं मला सारोळ्याच्याच एका म्हातारीने सांगितलं. मी ते घरात कधी बोलले नाही. घरात राहायचं होतं मला.

रायबा गावाच्या वरच्या धनगरवाड्यातला. बाप लहानपणीच गेलेला, आई सगुणाबाई आणि पंचवीस-तीस शेरडं. सगुणाबाई लावणीच्या दिवसांत आमच्या शेतावर यायची. दुपारी तिची जागा पायरीवर. माझ्या सासूबाई, भामाबाई, वरून भाकरी द्यायच्या आणि ती खालून पदरात घ्यायची. तिला कुणी हिडीसफिडीस करत नव्हतं. ती जागाच तिची आहे, असं सगळ्यांना वाटायचं, तिलासुद्धा. पाऊस पडत असला तर ती भाकरीवर पदर धरून जेवायची, पण ओसरीवर चढायची नाही.

पोरगा माझ्या वर्गात होता. अभ्यासात काही दिवे लावले नाहीत त्याने. पण मधल्या सुट्टीत एखादं बकरू शाळेच्या आवारात शिरून उधळलं की हा नुसता वाकायचा आणि त्याचा मागचा पाय हातात यायचा. तो पळायचा नाही, ओरडायचा नाही. आमचे बाकीचे वीर आवारभर धावून दमलेले असायचे, आणि हा बकरू खांद्यावर टाकून फाटकाबाहेर. मी शाळेची मुलं घेऊन भोरला तालुक्याच्या स्पर्धेला गेले तेव्हा त्याला कुस्तीत उभा केला, तो केवळ दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून. कुस्तीतही त्याने तेच केलं. वाकला, समोरच्याचा पाय उचलला आणि त्याला पाठीवर टाकला.

तिथे भोरच्या तालमीचे हनुमंत वस्ताद बसले होते. त्यांनी त्याला ठेवून घेतलं. मला म्हणाले, "बाई, ह्या पोराचं अंग वाढवायचं न्हाई. हाय ह्येच्यातच त्याचं सोनं हाय. ह्येच्यापरीस चपळ पोरगं म्या बघितलं न्हाई."

पुढची आठ वर्षं रायबा मातीत आणि मॅटवर घासत राहिला. आधी भोर, मग पुणे. जोर-बैठका, पहाटेची धाव, आणि वस्तादांनी मोजून दिलेलं खाणं. फ्रीस्टाईल कुस्तीत वजनाचे गट असतात. सकाळी काट्यावर उभं राहायचं, गटाच्या आकड्यात बसलात तर मॅटवर जायचं, नाही बसलात तर घरी जायचं. रायबाचा गट सत्तावन्न किलोंचा. त्या गटात तो बाविसाव्या वर्षी राज्याचा अजिंक्यवीर झाला. अंतिम कुस्तीत त्याने प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ दिला नाही, असं वर्तमानपत्रात आलं होतं. आणि लवकरच परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी भारताचा संघ निवडायची चाचणी होणार होती. वस्ताद मला फोनवर म्हणाले, "सत्तावन्नात ऱ्हायला तर ह्यो जातुय बघा, बाई. तिथं ह्येला आडवणारा कुणी न्हाई."

बातमी गावात आली आणि कौतुकाला ऊत आला. पण आकडा ऐकला आणि ऊत जरा बसला.

"सत्तावन्न?" माझे सासरे म्हणाले. "आरं, सत्तावन्नाचा तर बोकड आस्तुय!"

तरी फ्लेक्स लागला. हिर्डोशीच्या फाट्यावर लागला, देवळापाशी लागला. मी बघायला गेले तर चेहरा रायबाचा आणि खालचं धड भलत्याच कुणाचं, एकेक दंड मांडीएवढा. गळ्यापाशी कातडीचा रंगच बदलत होता. मी विचारलं, हे काय? तर उत्सव कमिटीचे सोमेश्वर भाऊजी म्हणाले, "वयनी, तसाच लावला आस्ता तर लोक हासलं आस्तं."

चैत्रात आमच्या भैरवनाथाची जत्रा. वस्तादांनी रायबाला चार दिवसांसाठी सोडलं, बजावून सोडलं, की भाकरी आणि पातळ कालवण, बाकी कशाला हात लावायचा नाही. रायबा आला. हाडापेराने चिवट, पोट पाठीला लागलेलं, गालफडं जरा बसलेली. माझ्या पाया पडला. मला तर तो फार देखणा वाटला.

आमच्या मैदानात काटा नसतो. भाताला काटा आहे, बकऱ्याला आहे, माणसाला आम्ही डोळ्यांनी जोखतो. पंच दोन गड्यांना खांद्याला खांदा लावून उभं करतात, दंड चाचपतात, आणि जोड ठरते. रायबाला लंगोटावर मैदानात फिरवला आणि पलीकडच्या गावचा कुणीतरी मोठ्याने म्हणाला, "ह्यो व्हय तुमचा चॅम्पियन? वाऱ्यानं उडंल की!"

सगळं मैदान हसलं. रायबाही हसला. पण माझ्या सासऱ्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी हट्टाने त्याची जोड एका धिप्पाड गड्याशी लावली. वस्ताद असते तर हे होऊ दिलं नसतं. सलामी झाली, रायबा वाकला, आणि पुढच्या क्षणी तो धिप्पाड गडी आभाळ बघत होता. मी शाळेची बाई असून शिट्टी मारली. मला वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल.

घरी आल्यावर सासरे पायावर पाणी घेत म्हणाले, "जिकला. पर शोभला न्हाई."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत गावभर झालं. जो तो मान हलवून म्हणू लागला, जिंकला पण शोभला नाही. दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली आणि अकलेचे तारे तुटायला लागले. पोराला पुण्यात पोटभर मिळत नाही. वस्ताद कंजूष आहे. गावचा पैलवान आणि गावाची लाज. ठरलं असं, की रायबाला महिनाभर ठेवून घ्यायचा आणि घरोघरी वार लावायचे. आज या घरी, उद्या त्या घरी, आणि कुणी हात आखडायचा नाही.

मी बैठकीत उठले. बायका तिथे उठत नाहीत, पण निम्मे लोक माझ्या हाताखाली शिकलेले, त्यांनी ऐकून घेतलं. मी सांगितलं, सत्तावन्न किलोंचा गट म्हणजे सत्तावन्न किलो. वर गेला की बाद. तिकडचे गडी आपलं वजन रक्तासारखं जपतात. महिन्याभरात चाचणी आहे, तीत उतरला तर भारताकडून खेळेल, हे वय पुन्हा येत नाही.

सोमेश्वर भाऊजींनी विचारलं, "बाई, सत्तावन्नाच्या वर गट हायत का न्हाई?"

"आहेत."

"एकदम वरचा केवढ्याचा?"

मी सांगितलं, सव्वाशेपर्यंत जातो.

"मंग ह्यो अजून खालच्याच वर्गात बसलाय म्हना की!" ते म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं. माझे सासरे तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं, पोरगं हुशार हाय, त्येला वरच्या वर्गात घालाया नको? खालच्यात पयला आला ह्येचं काय कौतिक!"

वीस वर्षं मी या गावात शिकवते आहे. वर्ग, इयत्ता, पास, नापास हे शब्द मीच यांच्या डोक्यात घातले. कुस्तीत वरचा गट म्हणजे वरची इयत्ता नव्हे, हे मी तासभर सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी भाऊजी मलाच समजूत घालायला लागले, "तुमी काळजी करू नका बाई, म्हयन्यात पाच-सात किलो चडतंय."

पहिला वार अर्थातच आमच्या घरी. सासूबाईंनी पाट मांडले, पाटाभोवती रांगोळी काढली, उदबत्ती लावली. ताटात साजूक तुपातला शिरा, मटण, तांदळाची भाकरी, वर अंडी, आणि बाजूला बदाम घोटलेलं दूध. पाट दोन होते. दुसरा सगुणाबाईचा. पैलवानाची आई म्हणून तिलाही बोलावलं होतं.

सगुणाबाई नवं लुगडं नेसून आली आणि सवयीने पायरीवर बसली. सासूबाई स्वतः बाहेर गेल्या आणि तिचा हात धरून तिला माजघरात घेऊन आल्या. मी त्या घरात नांदायला आल्यापासून असं पहिल्यांदा बघितलं. बाई बिचारी पाय कुठे ठेवू, कुठे नको अशी चालत होती. रांगोळीवर पाय पडेल म्हणून लुगडं वर धरलं होतं. पाटावर बसली आणि घराच्या आढ्याकडे बघायला लागली.

रायबाने ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "येवडं न्हाई जायाचं," म्हणाला.

"खा रं," सगुणाबाई म्हणाली. "पाटलीनबाईंनी हातानं वाडलंय. खा, माज्या राजा."

त्याने तिच्या तोंडाकडे बघितलं आणि खाल्लं. सासूबाई पळीने तूप सोडत होत्या, तो खात होता. सासरे दारात उभे राहून त्याच्या दंडाकडे बघत होते, जसं काही ते दंड जेवता जेवताच फुगणार होते.

हे रोज सुरू झालं. गेनू आप्पांच्या घरी पुरणपोळी, चिमाजींच्या घरी आख्खा कोंबडा, जोशीकाकूंच्या घरी तुपातले लाडू. ज्या ज्या दारात सगुणाबाई आयुष्यभर खाली उभी राहिली, त्या त्या दारातून तिला हाताला धरून आत नेत होते. तिचं चालणंच बदललं. ती डोकं वर करून गावातून जायला लागली. आणि पोरगा तिच्या मागून, पोट सांभाळत.

पहाटे उठून तो घाटाने धावायचा, खाल्लेलं जिरवायला. ते लोकांच्या लक्षात आलं. "आसं पळून आंग झडंल" म्हणून कमिटीने सोमेश्वर भाऊजींना मोटारसायकलवर त्याच्या मागे धाडलं, सोबत दुधाची किटली. घाटाच्या दुसऱ्या वळणावर त्याला गाठून, दूध पाजून, मागे बसवून ते परत घेऊन आले. वर मोबाईलवर फोटो टाकला, "पैलवानाची काळजी". मला हसावं की रडावं कळेना.

एकदा शाळेच्या नळावर मी त्याला गाठलं. म्हटलं, "रायबा, तुला तोंड नाही का? नाही म्हण एकदा. सरळ सांग, मी खाणार नाही. कोण काय करणार आहे तुला?"

तो हात धूत राहिला. मग म्हणाला, "मला काय करत्यात, बाई. पर म्या न्हाई म्हनलं, तर आयचा पाट उचलत्याल."

ते खरं होतं. माझं सासर मी ओळखून आहे.

वस्तादांचे फोनवर फोन येत होते. रायबा काहीतरी सांगून वेळ मारून नेत होता. शेवटी वस्ताद स्वतः आले. आमच्या लोकांनी त्यांनाही पाटावर बसवलं आणि ताट वाढलं. त्या माणसाने ताटाला नमस्कार केला आणि उठला. ओसरीवर रायबाला बघून त्यांचा चेहरा उतरला. "किती झालं?" त्यांनी विचारलं. रायबाने सांगितलं, चौसष्ट. वस्तादांनी माझ्या सासऱ्यांना हात जोडले, "कुंडलिकराव, ह्येला आता सोडा. दहा दिस ऱ्हायलं."

"आवं, पोरगं गावाचं हाय," सासरे म्हणाले. "एवडं कमवून दिलंय, त्ये काय घालवाया न्हेताय व्हय?"

तरी वस्तादांनी त्याला नेला. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. दहा दिवस त्याने जवळपास काही खाल्लं नाही. उन्हात प्लॅस्टिकचा कोट घालून धावला. शेवटच्या दोन दिवसांत पाणी बंद केलं. डोक्यावरचे केस उतरवले. थुंकी गिळायची नाही म्हणून ग्लासात थुंकत बसला. दोनदा चक्कर येऊन पडला. चाचणीच्या सकाळी काट्यावर उभा राहिला तर काटा अठ्ठावन्नाच्या पुढे. लंगोटसुद्धा काढून, आडोशाला टॉवेल धरून पुन्हा उभा केला. तरी पुढेच. लिहून घेणाऱ्याने मान वर न करता पुढच्याला हाक मारली. तो पुढचा गडी म्हणजे राज्याच्या अंतिम कुस्तीत रायबाने ज्याला श्वास घेऊ दिला नव्हता तोच. तो सत्तावन्नात बसला, चाचणी जिंकला, आणि भारताची जर्सी घालून विमानात बसला. रायबा मैदानाबाहेरच्या नळाखाली तोंड धरून पाणी प्यायला आणि तिथेच ओकला.

वस्तादांनी सासऱ्यांना फोन केला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. फोन स्पीकरवर होता. वस्ताद एवढंच म्हणाले, "वजन जास्ती भरलं. बाद केला." आणि ठेवून दिला.

सासऱ्यांचा चेहरा फुलला.

"जास्ती भरलं!" ते ओरडतच बाहेर गेले. "आरं सोमेश्वर, जास्ती भरलं म्हनं आपलं पोरगं! त्येंच्या काट्यात बसंना!"

तासाभरात गावभर झालं. रायबा त्यांच्या गटात मावेना. त्याला बघून बाकीच्यांचं पाणी पाणी झालं. म्हणून त्याला आधीच बाजूला काढला, नाहीतर पोरं मोडली असती. हे मी बनवून सांगत नाही, हे आमच्या गावात आजही असंच सांगतात. वार पुढेही चालूच राहिले, आणि रायबा पुन्हा कधी सत्तावन्नात बसला नाही. दुसऱ्या दिवशी रायबा येणार म्हटल्यावर ट्रॅक्टर धुतला गेला, ट्रॉलीला केळीचे खुंट बांधले गेले, हलगी आली, गुलालाचं पोतं आलं.

फाट्यावर तो एसटीतून उतरला तो मुंडण केलेला, ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. त्याला काही बोलायची संधीच मिळाली नाही. चौघांनी उचलून ट्रॉलीत ठेवला, गळ्यात हार घातला, तोंडावर गुलाल फेकला. ट्रॉलीत त्याच्या शेजारी सगुणाबाईला खुर्ची दिली होती. तिच्या मांडीवर गावाने दिलेली साडी, खण आणि नारळ. ती बसल्या जागेवरून दोन्ही हात जोडत होती, ज्यांच्या घरी राबली त्यांना, ज्यांच्या पायऱ्यांवर बसली त्यांना, सगळ्यांना. आणि मोठमोठी माणसं तिला उलट हात जोडत होती.

मिरवणूक आमच्या दाराशी थांबली. सासूबाईंनी ओवाळणीचं तबक माझ्या हातात दिलं, म्हणे तू त्याची शाळेतली बाई, पहिला मान तुझा. मी तबक घेऊन ट्रॉलीपाशी गेले. जवळून त्याचं तोंड बघितलं आणि माझा तोल सुटला.

"कशाला ओवाळू?" मी म्हटलं, अगदी मोठ्याने. "काय जिंकलं म्हणून ओवाळू? हा पोरगा हरला असता तरी मी ओवाळलं असतं. याला मॅटवर पाऊलसुद्धा ठेवू दिलं नाही! आणि का, तर तुमच्या शिऱ्यामुळे! तुमच्या तुपामुळे! जो याच्याकडून हरला तो आज भारताकडून खेळायला गेला, आणि तुम्ही इथे हलग्या वाजवताय!"

हलगी थांबली. मला वाटलं, पोचलं. एकदाचं पोचलं यांच्यापर्यंत.

सासरे शांतपणे म्हणाले, "सूनबाई, हरन्यापरीस बरंच की मंग!"

सगळे हसले. हलगी पुन्हा सुरू झाली. सगुणाबाईला यातलं काय कळलं कोण जाणे, पण तिचे जोडलेले हात तसेच राहिले आणि ती माझ्या तोंडाकडे, मग पोराच्या तोंडाकडे बघायला लागली. खुर्चीतून उठू लागली. आपण बसायला नको होतं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर आलं.

रायबाने तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुन्हा खुर्चीत बसवलं. मग ट्रॉलीच्या कडेला आला आणि माझ्यापुढे कपाळ करून वाकला.

"बाई, ववाळा," तो हळूच म्हणाला. "आय बघतीया."

मी ओवाळलं.